बापाची बोटं

“मच्छिंद्र तातेराव!” प्रियदर्शनीने दुसऱ्यांदा पुकारलं, तरी बाकावरचा माणूस हलला नाही. जवळच उभ्या असलेल्या सोनूबाईने हातातल्या पिशवीने त्याच्या खांद्याला ढोसलं, तेव्हा कुठे तो दचकून उठला.

कुंभार पिंपळगावच्या आधार केंद्रात बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. प्रियदर्शनी सकाळपासून लोकांची बोटं पुसून पुसून काचेवर टेकवत होती. तिने याचा अंगठा टेकवला. लाल दिवा. तर्जनी टेकवली. पुन्हा लाल. एकेक करत सगळी बोटं झाली, पण यंत्र काही ओळख दाखवायला तयार होईना.

“काय काम करता?”

“गवंडीकाम. शिमिटानं खाल्ली बोटं.”

“ताई, आज झालंच पाह्यजे,” सोनूबाई म्हणाली. “पोरगी जालन्याला दवाखान्यात हाये. दोन्ही किडन्या गेल्या. माझी जुळत न्हाई. बापाची घ्यायची तर डाक्टर म्हणतेत, कार्डावरचा माणूस ह्योच हाये अशी पावती आणा, मंगच पुढच्या तपासण्या.”

“केवढी आहे?”

“अकरा वर्साची. वर्षाराणी.” एवढं बोलून तिने पदर तोंडात कोंबला.

“घरात दुसरं कोणी नाही का? काका, मामा?”

“काका एका पायावर तयार हाये,” तो माणूस म्हणाला. “पर दवाखान्यात म्हणले, काका जवळच्या नात्यात बसत न्हाई. त्याला येगळी परवानगी काढावी लागती. तवर पोरगी राह्यली पाह्यजे ना?”

प्रियदर्शनीला फार वाईट वाटलं. या यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे दोन पोत्यांतला माल. एका पोत्यात नाव, पत्ता, मोबाइल. ते बदलून मिळतं. दुसऱ्यात बोटं आणि डोळे. ते जन्मभर तेच राहायला हवेत. लेकरासाठी तळमळणारा जीव कुठल्या पोत्यात घालायचा, हे मात्र कोणी ठरवलेलं नाही.

“चेहऱ्याने बघू,” ती म्हणाली आणि जन्मतारीख विचारली. त्याने सोनूबाईकडे पाहिलं. तारीख तिनेच सांगितली.

“पुरुषांना स्वतःची तारीखसुद्धा बायकोने सांगावी लागते,” प्रियदर्शनी हसली. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

पडद्यावर जुना फोटो आला. भरलेले गाल, दाट मिशी. समोरचा माणूस वाळून गेलेला. नाक आणि जिवणी मात्र तीच. पोर आजारी पडली की माणूस असाच वाळतो, असं तिला वाटलं.

“इकडे बघा. डोळे मिटा. उघडा.”

जुळलं नाही. परत केलं, परत तेच. सोनूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

“ताई, लेकरू जाईल वो माझं,” ती म्हणाली. रांगेतली कुरकुर थांबली.

प्रियदर्शनी उठली. तिने खिडकी सताड उघडली, खुर्ची उजेडाकडे फिरवली, त्याला केस मागे सारायला लावले. या वेळी हिरवा दिवा लागला.

पावती हातात पडताच तो गडी ढसढसा रडला. प्रियदर्शनीचेही डोळे भरून आले.

“असा बाप नशिबाने मिळतो,” ती म्हणाली. त्याने नुसतेच हात जोडले आणि बाहेर पडला.

दोघं एसटी स्टँडकडे निघाली. तो पुढे, ती बरीच मागे. जालन्याची गाडी लागलेली होती. गाडीच्या दाराशी तो थांबला, तेव्हा सोनूबाईने पदर कपाळावर ओढून घेतला आणि खाली मानेनेच तोंड उघडलं.

“भावजी, बाप कुठं गेला म्हणून पोरगी रोज इचारती. दवाखान्यात तिनं तुमाला काका म्हणून हाक मारली, तर मंग?”