नव्व्याण्णव अंश

उमाठे सर बावीस वर्षं नागपुरात विज्ञान शिकवत होते, आणि प्रयोग मुलांनी स्वतःच करायचा, यावर त्यांचा भारी कटाक्ष होता. त्या दिवशी सातवीच्या वर्गात गटागटानं पाणी उकळून झालं आणि सगळ्या वह्यांत शंभर अंश आले. एकट्या समिधानं नव्व्याण्णव लिहिलं. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली. "सर, मी तीनदा पाहिलं. नव्व्याण्णवच येऊन राहिलं," ती म्हणाली. "थर्मामीटर वाचता येत नाही तुले. पुस्तकात काय लिहिलं आहे?" सर सगळ्यांसमोर बोलले, आणि वर्ग हसला. मधल्या सुट्टीत त्यांनी ही गंमत भूगोलाच्या डोंगरे मॅडमना सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. "शंभर समुद्राकाठी, सर. आपलं नागपूर हजार फुटांवर आहे. इथं नव्व्याण्णवच भरते." सरांच्या हातातला चहा तसाच राहिला. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, हे ते स्वतः दरवर्षी दहावीला शिकवत होते. घंटा होताच ते वर्गात गेले. समिधानं खोडरबरानं पान विरेपर्यंत घासून तिथं शंभर लिहिलं होतं. "आता बरोबर आहे न, सर?" तिनं विचारलं. सरांना तिच्याकडे पाहवेना. "समिधाचं बरोबर होतं. चूक माझी होती," ते वर्गाला म्हणाले, आणि मग कसंबसं विचारलं, "खरं सांगा, नव्व्याण्णव अजून कोणाकोणाले दिसलं होतं?" आधी एक हात वर झाला, मग चार, मग अख्ख्या वर्गाचे.