वाचा अन् करा

घाटंजीकडच्या एका खेड्यात पंजाबराव गुरुजी पोरांना वाचन शिकवायचे ते चिठ्ठ्यांच्या डब्यातून. पोरानं चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची आणि त्यात लिहिलं असेल ते मुकाट्यानं करून दाखवायचं. अठ्ठावन्न सालच्या तपासणीला आलेले साहेब मात्र दारात जमलेल्या गावकऱ्यांसमोर नाक मुरडून म्हणाले, "हे खेळ झाले, गुरुजी. वाचलेलं पोरांना कळतं का?"

गुरुजींनी डबा तिसरीतल्या नलूपुढं धरला. सगळ्यात वरची चिठ्ठी त्याच सकाळी डब्यात पडली होती. नलूनं ती वाचली, पळतच गुरुजींच्या अंगणात गेली आणि फडफडणारा लाल कोंबडा आणून थेट साहेबांच्या पिशवीत कोंबला.

"अगं, हे काय?" साहेब ओरडले. "काय लिहिलंय त्यात? मोठ्यानं वाच!"

नलूनं खणखणीत आवाजात वाचलं, "'गुरुजी, शेरा चांगला हवा असेल तर तुमच्या अंगणातला कोंबडा माझ्या पिशवीत घालावा.' अन् खाली सही तुमचीच हाय, सायेब."



गुरुजींनी शेरेबुक अदबीनं पुढं सरकवलं. "कोंबडा तं पोचला, सायेब. आता तेवढा शेरा लिहा."