दारातला टँकर

आमच्या गावची सत्यभामा दुष्काळाच्या वर्षी लोकसभेला अपक्ष उभी राहिली. समोर साखर कारखान्याचे चेअरमन पंडितराव. दोघंही चौथीला माझ्याच वर्गात होती. सत्यभामाचं चिन्ह घागर आणि आश्वासन एकच, "मला निवडून द्या, टँकर प्रत्येकीच्या दारात आणते."

मतदान शाळेत होतं आणि टँकरही शाळेपाशीच यायचा. त्यामुळे बायकांनी पहाटेच नेहमीप्रमाणे नंबरासाठी भिंतीला घागरी लावून ठेवल्या. त्या पाहताच पंडितराव अधिकाऱ्यांकडे धावले. "साहेब, केंद्राच्या दारात दोनशे घागरी! ह्यो सरळ प्रचार हाय. हटवा आधी."

अधिकाऱ्यांनी घागरी घरी न्यायला सांगितल्या.

"नेतो की," बायकांमधली सुंदरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पर मग आमी पानी कशात भरावं, साहेब? पदरात?"

अधिकाऱ्यांनी डोकं खाजवलं आणि टँकर गल्लीत वळवला. दुपारपर्यंत तो घरोघरी घागरी भरत फिरला.

 

आपल्या दारात घागर भरताना सत्यभामानं समोरून जाणाऱ्या चेअरमनला हाक मारली, "पंडित, लई उपकार झाले बाबा! निकालाआधीच माझं आश्वासन तू पुरं केलंस."