नळीच्या आत

नळकाकांनी नळी धुवायला सलाईन सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि काकूंचे दात कडाकडा वाजू लागले. दोन ब्लँकेटं घातली तरी हुडहुडी थांबेना. नळकाकांनी थर्मामीटर पाहिला. एकशे दोन.

तीस वर्षं प्लंबिंग केलेला हा माणूस. बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला, औषधांसाठी छातीतून मोठ्या शिरेत नळी बसवली, तेव्हा तिची निगा त्यांनी सिस्टरकडून हट्टाने शिकून घेतली. "पाइपांतच केस पिकलेत माझे," म्हणाले होते.

गाडी करून त्यांनी तासाभरात काकूंना हॉस्पिटलात आणलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने नळीभोवतीची कातडी निरखली. ना लाली, ना सूज.

"इथं सगळं ठीक आहे. साधा ताप असेल, गोळी देतो."

"डॉक्टर, हिच्या अंगात लढायला पेशीच उरल्या नाहीत, लाली येणार कुठून?" नळकाका जागचे हलले नाहीत. "पाइप बाहेरून लख्खच दिसतो, घाण धरते ती आत. सलाईन सोडलं आणि लगेच थंडी भरली. रक्त तपासा. नळीतलंही, हातातलंही."

डॉक्टरने फाइल उघडून पेशींचा आकडा पाहिला. मग त्याने दोन्हीकडचं रक्त घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू नळीतच होते. नळी काढली. चौथ्या दिवशी ताप उतरला.

"काका संध्याकाळपर्यंत थांबले असते, तर काकू हाती लागल्या नसत्या," डॉक्टर वॉर्डभर सांगत सुटला. नळकाकांनी मान वर केली नाही. हे जंतू येतात कुठून, असं त्यांनी सिस्टरला एकटं गाठून विचारलं होतं. "बऱ्याचदा कातडीवरचेच असतात. पेशंटच्या, नाहीतर नळी हाताळणाऱ्याच्या," ती म्हणाली होती. तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

दोन आठवड्यांनी नवी नळी बसली. पहिली पट्टी बदलायला सिस्टर ट्रे घेऊन आली.

"घरी कोण करणार?"

"नर्स लावू," नळकाका भिंतीकडे बघत म्हणाले. हात पाठीमागे घट्ट धरलेले.

काकूंनी गाऊनची वरची दोन बटणं सोडली.

"अहो, उभे काय राहिलात? हात धुऊन या."