कोरा कागद

"भस्म कसलं, गंजाची भुकटी आहे ही. गाळून बघ, सगळी गाळणकागदावर उरेल," नागपूरच्या कॉलेजातले सर गोपिकाला म्हणाले होते. तिनं प्रयोगशाळेत बाबांचं लोहभस्म पाण्यात ढवळून गाळलं, तर लाल पाणी जसंच्या तसं खाली उतरलं. तीनदा कागद बदलला, तीनदा तेच.

"बाबा, कागदच फाटके निघून राहिले!" ती रडकुंडीला आली.

सावनेरहून भस्माची पुडी घेऊन आलेले तिचे बाबा, शालिकराम वैद्य, हसले. "काहून रडतं वं? साठ डाव त्रिफळ्याच्या काढ्यात घोटलं, साठ डाव गोवऱ्यांत भाजलं. आता इतकं बारीक झालेलं तुह्या कागदावर अडकन का ते?"

गोपिकानं कागद उजेडात धरला. एकही भोक नव्हतं. ती व्हरांड्यातून ओरडतच धावली, "सर, लवकर या! कागदावर काहीच उरलं नाही!"