पार्सल दाराशीच ठेवा

फिनिक्सच्या उपनगरात मार्लीनला शेजाऱ्यांची तोंडं कधी दिसलीच नाहीत. दिसायची ती गॅरेजची वर-खाली होणारी दारं. नवरा गेल्यावर तर घर खायला उठलं. डॅलसकडे नवं कुणी राहायला आलं की शेजारी केक घेऊन येतात, असं ऐकून ती घर विकून तिकडे गेली.

महिना झाला, चिटपाखरूही फिरकलं नाही. शेवटी तिनंच पीचचा केक केला आणि शेजारची बेल दाबली.

"पार्सल दाराशीच ठेवा," बेलच्या कॅमेऱ्यातून एका बाईचा आवाज आला.

"पार्सल नाही हो! मी मार्लीन, तुमची नवी शेजारीण, फिनिक्सहून आलेय. दोनच मिनिटं दार उघडता का?"

बेलमधून पुन्हा तोच आवाज आला,



"दार कुठून उघडू? तिथली बेल माझ्या फोनवर वाजते. माणसं भेटतील म्हणून मीच फिनिक्सला राहायला आलेय... तुमच्या ओळखीचं इथं कुणी आहे का हो?"