टेक आफ्टर

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, होळकर दरबारातली नोकरी संपली, तसे नाना सून कुमुदिनीच्या मॅट्रिकच्या मागे लागले. ‘टेक’ या एका इंग्रजी शब्दाने आठ दिवस खाल्ले. टेक ऑफ, टेक इन, टेक ओव्हर. कुमुदिनी रोज अडखळायची आणि नाना चिडून तेच पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने समजावायचे. आज ती ‘टेक आफ्टर’ला अडली.

“कालच सांगितलं होतं ना?”

स्वयंपाकघरातून इंदुमतीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “अहो, सीधी बात आहे. आपला शरद माझ्यावर गेलाय, तुमच्यावर नाही.”

“हे तुला कोणी शिकवलं?” नानांनी बायकोला विचारलं. कुमुदिनीने पुस्तकातून परीक्षेचे दोन फॉर्म काढले, एक स्वतःचा, एक सासूबाईंचा.

“दोन्ही बघून घ्या, नाना. मला तर सगळं पहिल्याच दिवशी पाठ झालं होतं.”